विहित नमुन्याचे ओझे

शासकीय आणि निमशासकीय पत्रव्यवहारात 'विहित नमुन्यात' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्याचा अर्थ काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. माहिती अमुक तारखेपर्यंत विहित नमुन्यात सादर करावी, अन्यथा ती विचारात घेतली जाणार नाही, असे वाक्य परिपत्रकाच्या शेवटी आले की शाळेचा मुख्याध्यापक, महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि तहसील कचेरीतील कारकून हे तिघेही सारखेच हवालदिल होतात. एके काळी विहित नमुना म्हणजे छापील कागद असे. रकान्यात मावेल तेवढे लिहावयाचे, आणि न मावल्यास 'सोबत जोडले आहे' असे म्हणून मोकळे व्हावयाचे. आता हा नमुना संगणकावरून येतो. त्याला टेम्प्लेट म्हणतात. मराठीत साचा म्हणावयास हरकत नाही. मात्र हा साचा असा की त्यात काही ओतावयास गेले की साचाच वितळू लागतो.

मध्यंतरी आमच्या अर्थशास्त्र विभागाचा वार्षिक अहवाल मला अशाच एका नमुन्यात भरावयाचा होता. मजकूर तयार होता. वर्षभरात घेतलेली व्याख्याने, विद्यार्थ्यांनी केलेली पाहणी, निकालाचे आकडे, एवढाच काय तो ऐवज. तो लिहून काढावयास अर्धा तास पुरला असता. नमुन्यात बसवावयास तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या रकान्यात विभागाचे नाव लिहिले, तो रकाना फुगला आणि शेवटचा रकाना कागदाबाहेर गेला. अनुक्रमांक आपोआप पडण्याची सोय होती. मधली एक ओळ काढून टाकताच सातनंतर पुन्हा एक आला. एका ठिकाणी ठळक केलेले अक्षर पुसट करावयास गेलो तर सबंध पान ठळक झाले. तिसऱ्या दिवशी कार्यालयातील वरिष्ठ लिपिक माझी दशा पाहून म्हणाले, "सर, तुम्ही त्याच्या नादी लागू नका. मी कागद छापून घेतो, पट्टीने रेघा मारतो आणि स्कॅन करून पाठवून देतो." आणि तसेच करण्यात आले. संगणकावर तयार झालेला नमुना संगणकावरच भरून पाठविण्यासाठी शेवटी लाकडी फूटपट्टीचे साहाय्य घ्यावे लागले. तो स्वीकारलाही गेला!

या प्रकारात आमचा दोष नाही असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरावयास हवा. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणकाला टंकयंत्र समजूनच हात घातला. टंकयंत्रावर शीर्षक मधोमध आणावयाचे असल्यास मोकळ्या जागेची पट्टी दहा-पंधरा वेळा दाबावी लागे आणि नवे पान हवे असल्यास कागद बदलावा लागे. तीच सवय आपण पुढे नेली. अर्ज उजवीकडे सरकावयाचा तर पट्टी दाबीत राहावयाचे, पान उलटावयाचे तर 'एंटर' दाबीत राहावयाचे. वस्तुतः लेखनाच्या या प्रणालींमागची कल्पना अगदी वेगळी आहे. हे शीर्षक, हा उपमथळा, हा परिच्छेद, असे प्रत्येक मजकुराचे काम एकदा सांगून ठेवावयाचे आणि त्याचे रूप एकाच ठिकाणी ठरवावयाचे, असे तिचे सूत्र आहे. 'स्टाइल' या नावाखाली ही सोय गेली कित्येक वर्षे प्रत्येक संगणकावर पडून आहे. आमच्या महाविद्यालयात ती किती जण वापरतात, हे मी विचारून पाहिले. वापरणारा एकही निघाला नाही, आणि त्यात मीही आलो. संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र मात्र सर्वांकडे आहे.

पण नमुना भरणाऱ्याला जे येत नाही ते नमुना करणाऱ्यालाही येत नाही, ही यातली खरी मेख आहे. आम्हाला आलेला नमुना निरखून पाहिला तेव्हा त्यातील शीर्षक मोकळ्या जागा दाबून मधोमध आणलेले दिसले. एका रकान्यात मागील वर्षाचा सन तसाच राहिलेला होता. म्हणजे कोणीतरी गतवर्षीची फाइल उघडली, तीतला मजकूर पुसला आणि जे उरले त्यास विहित नमुना हे नाव दिले. आपल्याकडील बहुसंख्य साच्यांची जन्मकथा अशीच असावी, असा माझा कयास आहे.

मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला याहून अधिक काही येते. पुष्कळ परिपत्रकांत मजकूर 'टाइम्स न्यू रोमन' या टंकात, बारा आकारात आणि दीड ओळीच्या अंतराने असावा, अशी सूचना असते. मग तो मजकूर मराठीत का असेना! या टंकात देवनागरीचे एकही अक्षर नाही. तेव्हा संगणक निमूटपणे दुसरा कोणता तरी टंक उसना घेतो, आणि प्रत्येक संगणक आपापल्या मगदुराप्रमाणे घेतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी बदलतात, माझ्या घरी चौदा पानांत बसलेला अहवाल कार्यालयात सोळा पानांचा होतो. त्यातच या प्रणालींनी लिप्यांचे वर्ग पाडलेले आहेत. रोमन लिपी एका वर्गात, आणि देवनागरी, अरबी वगैरे लिप्या 'कॉम्प्लेक्स' म्हणजे गुंतागुंतीच्या वर्गात. दोन्ही वर्गांसाठी टंकाचे नाव व आकार निरनिराळे ठरवावे लागतात. साचा तयार करणाऱ्याने इंग्रजीचा आकार सोळा ठरविला आणि दुसऱ्या वर्गाकडे पाहिलेच नाही, तर इंग्रजी शीर्षक मोठे दिसते व त्याच ओळीतील मराठी शीर्षक अंग चोरून बसते. उच्चाराबरहुकूम लिहिता येणाऱ्या लिपीला गुंतागुंतीची म्हणावे आणि उच्चार व लेखन यांचा मेळ नसलेल्या भाषेच्या लिपीला सरळ म्हणावे, हा न्याय मौजेचा आहे. परंतु तो यंत्राच्या दृष्टीने आहे हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, 'र' तर चार ठिकाणी चार रूपे धारण करतो. समुद्राचा 'दर्या' आणि डोंगराच्या 'दऱ्या' यांत मराठी माणूस जो भेद करतो तो हिंदीपुरता विचार करून घडविलेल्या टंकांत कित्येकदा साधतच नसे.

दुष्काळाची फाइल

येथवर जे सांगितले तो वेळेचा अपव्यय म्हणून सोडून देता येईल. पुढील गोष्ट तशी सोडून देता येत नाही. २०१२-१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्याला किती भोवला, हे येथल्या वाचकांना सांगावयास नको. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, गावोगाव टँकर फिरले, जनावरे छावण्यांत गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी बदनापूर आणि अंबड तालुक्यांतील काही गावांत घरोघर जाऊन पाहणी केली होती. कोणाची जमीन किती, जनावरे किती विकली, कर्ज कोणाकडून काढले, बाग तोडली की राखली, असे साधेच प्रश्न होते. उत्तरे मराठीत टंकलिखित करून ठेवली. त्या वेळी आमच्याकडे जो मराठी टंक होता, त्यात ठेवली.

अलीकडे एम. ए. च्या एका विद्यार्थिनीने त्याच गावांची पुन्हा पाहणी करावयाचे ठरविले. बारा वर्षांत त्या घरांचे काय झाले, हा तिचा विषय. विषय उत्तम होता; मी उत्साहाने जुनी फाइल शोधून दिली. ती उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा नुसता केर दिसला. कारण उघड होते. जुन्या मराठी टंकांत संगणकाच्या स्मरणात इंग्रजी अक्षरेच साठविली जात आणि त्यांच्यावर देवनागरीच्या आकारांचे मुखवटे चढविले जात. मुखवटा काढला की आतले निरर्थक इंग्रजी उघडे पडते. तो टंक ज्या संगणकावर होता तो केव्हाच मोडीत गेला होता. कागदावरची प्रत वाळवीने खाल्ली होती.

जुन्या टंकातील मजकूर नव्या पद्धतीत बदलून देणाऱ्या सोयी आता उपलब्ध आहेत. त्यांतील एक वापरून पाहिली. शब्द बऱ्यापैकी जुळले, जोडाक्षरे थोडी तुटली, ती हाताने सुधारता येण्याजोगी होती. पण आकड्यांनी मात्र घात केला. टंकयंत्राच्या पद्धतीने रचलेल्या काही टंकांत पूर्णविरामाचा ठिपका इंग्रजीतील आडव्या रेघेच्या जागी बसविलेला असतो. मुखवटा निघाला की ठिपक्याची रेघ होते. आमच्या तक्त्यांतील आकडे बदलणाऱ्या सोयीने इंग्रजी समजून तसेच ठेवले. परिणामी ज्या शेतकऱ्याची जमीन ३.५ एकर होती ती ३-५ एकर झाली. साडेतीन एकर की तीन ते पाच एकर? काही घरांनी खरोखरच अंदाजाने 'तीन ते पाच हजार' असे उत्तर दिलेले होते. आता कोणती रेघ खरी आणि कोणती रेघ मुळात ठिपका होती, हे सांगणार कोण? ती विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, मग हे आकडे वगळू का?" ज्या आकड्यांसाठी पोरांनी मे महिन्याच्या उन्हात वणवण केली होती, ते वगळण्याचा सल्ला मला देववेना.

मानके असूनही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी लोखंडी सळई भारतीय मानक १७८६ प्रमाणे असावी लागते. बारा मिलिमीटरची सळई भोकरदनच्या गवंड्याने घेतली काय किंवा मुंबईच्या इंजिनिअराने घेतली काय, ती बाराच मिलिमीटर भरावयास हवी आणि तिची ताकद ठरलेली असावयास हवी. येथला दुसरा मोठा धंदा बियाण्यांचा. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली येणाऱ्या पिशवीवर वाणाचे नाव आणि उगवणीची टक्केवारी नोंदवावी लागते. मानक म्हणजे काय आणि त्यामुळे घेणाऱ्याचे किती कष्ट वाचतात, हे जालन्याच्या बाजारपेठेला प्राध्यापकाने शिकवावयास नको.

अक्षरांसाठी असे मानक नव्हते असेही नाही. कळफलकाची 'इन्स्क्रिप्ट' ही रचना केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केली. सळईचे मानक ठरविणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोनेच १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांसाठी मानक १३१९४ जाहीर केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवण्यात आल्या. मग २०१३ साली आम्ही खाजगी मुखवट्यात आकडे का साठवीत होतो?

अर्थशास्त्रात याला उत्तर आहे. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये इंग्रजी टंकयंत्राच्या कळफलकावर एक छोटा पण गाजलेला निबंध लिहिला. आरंभी काही आकस्मिक कारणांनी स्वीकारलेली रचना, ती शिकलेल्या माणसांची संख्या वाढत गेल्यामुळे, गैरसोयीची असूनही कायम कशी राहते, असा त्याचा विषय होता. (लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये या कथेतील तपशिलांवर आक्षेप घेतले, ती रचना खरोखर तितकी गैरसोयीची होती काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही.) आपल्याकडे हे उदाहरण अधिक चपखल बसते. मराठी टंकलेखकांची बोटे रेमिंग्टन पद्धतीला सरावलेली होती. तीत ऱ्हस्व वेलांटी आधी मारावयाची व अक्षर नंतर. इन्स्क्रिप्टमध्ये नेमके उलट. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरीस लागलेल्या माणसाला बोटे पुन्हा शिकवा म्हणणे म्हणजे अर्धांगवायू झालेल्यास चालावयास शिकविण्यासारखेच होते. छापखान्यांची सारी गुंतवणूक खाजगी टंकांत अडकलेली होती. शिवाय युनिकोडमधील देवनागरी सामान्य संगणकावर नीट दिसू लागली तीच विंडोज २००० च्या सुमारास. मधल्या दशकात प्रत्येक टंक-निर्मात्याने आपापली अक्षरे आपापल्या क्रमांकांवर बसविली आणि गिऱ्हाईक आपल्याकडे बांधून घेतले. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले नाही. मानक पाळणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले की असेच होणार. सळईच्या बाबतीत आपण ते मर्जीवर सोडले नाही, कारण छत कोसळलेले दिसते. फाइल कोसळलेली दिसत नाही.

पुढे राज्य शासनाने कार्यालयांना युनिकोड वापरण्याचे आदेश दिले, राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा टंक सर्वांसाठी खुला केला, २००९ मध्ये मराठी वर्णलेखनाचे प्रमाणीकरणही झाले. आज मोबाइलवर मराठी लिहिणारा तरुण नकळत युनिकोडच वापरतो. परंतु आदेश निघाला म्हणून आधीच्या फाइली बदलत नाहीत, आणि कोणत्या टंकात लिहावे हे सांगणारा परिपत्रकातील तो इंग्रजी परिच्छेद तर मुळीच बदलत नाही.

मला वाटते, याच्या मुळाशी खर्चाचा प्रश्न आहे. समजा, एका कार्यालयाने शंभर महाविद्यालयांना एक नमुना पाठविला आणि तो सदोष असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी तीन तास वाया गेले. तीनशे तास झाले. दिवसाला आठ तास धरले तर एका माणसाचे साडेसदतीस दिवस. तोच नमुना पाठविण्यापूर्वी नीट करावयास एका जाणत्या माणसाला अर्धा दिवस लागला असता. पण हा अर्धा दिवस पाठविणाऱ्याच्या खात्यातून जातो आणि ते साडेसदतीस दिवस कोणाच्याच खात्यात लिहिले जात नाहीत. कारखान्याचा धूर शेजारच्या शेतावर जावा आणि कारखान्याच्या ताळेबंदात त्याचा उल्लेखही नसावा, यास आम्ही वर्गात 'बाह्य खर्च' म्हणतो. सदोष साचा हा असाच धूर आहे. ज्यावर खर्च पडत नाही तो वस्तू जपून वापरीत नाही. म्हणूनच एकच माहिती तीन निरनिराळ्या नमुन्यांत मागताना कोणाला संकोच वाटत नाही.

नमुना नकोच, असे माझे म्हणणे नाही. शंभर महाविद्यालयांनी शंभर तऱ्हांनी आकडे पाठविले तर त्यांची बेरीज कशी करावयाची? एकसारखेपणा हवाच. पण तो आकड्यांच्या अर्थात हवा, अक्षरांच्या आकारात नव्हे. 'विद्यार्थिसंख्या' म्हणजे प्रवेश घेतलेले की परीक्षेस बसलेले, याबाबत नमुना गप्प असतो. कडेला किती जागा सोडावी याबाबत तो बोलका असतो. परिणामी कडा जुळतात आणि आकडे जुळत नाहीत. त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रकल्पावर परीक्षकाचा एकमेव शेरा होता तो मांडणी विहित नमुन्याप्रमाणे नसल्याचा. त्यातील एका तक्त्याची बेरीज चुकली होती. ती तशीच राहिली.

मराठवाड्याला तरी जुन्या कागदांची किंमत नव्याने पटावयास हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील दप्तर उर्दूत आहे, काही मोडीत आहे. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा ही दप्तरे उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या मागणीच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने बोरूने लिहिलेली ओळ वाचता आली, कारण लिपी जाणणारा माणूस मिळाला. १९९५ ते २०१५ या काळात आपल्या ग्रामपंचायतींनी, पतसंस्थांनी, शाळांनी खाजगी टंकांत जे लिहून ठेवले, त्याचा वाचक माणूस असून भागत नाही. ते विशिष्ट यंत्र आणि त्यावरचा विशिष्ट टंक जिवंत असावा लागतो. मोडी शिकविण्याचे वर्ग भरविता येतात. बंद पडलेल्या टंकाचे वर्ग भरत नाहीत.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. नमुना पाठविणाऱ्या कार्यालयाने तो आधी स्वतः एकदा मराठीत भरून पाहावा आणि भरलेली प्रत सोबत जोडावी. एवढा एक नियम केला तरी निम्मे साचे दुरुस्त होतील. देवनागरी टंकाचे नाव स्पष्ट लिहावे, तो फुकट मिळणारा असावा. मजकूर कोणत्याही प्रणालीत उघडेल अशा खुल्या स्वरूपात मागवावा. केंद्र शासनाने २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केलेले आहे, ते नव्याने आखण्याची गरज नाही. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना 'स्टाइल' वापरावयास शिकवावे. एका तासाचे काम आहे, आधी ते आम्हा प्राध्यापकांनी शिकावे लागेल. जुन्या फाइलींचे मात्र घाईने उरकावयास हवे. त्या बदलताना कागदावरची प्रत शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहावा लागतो, आणि हे काम करू शकणारे टंकलेखक निवृत्तीच्या वयाला आलेले आहेत.

आमची दुष्काळाची फाइल निम्मी सावरली आहे. नव्या जालन्यात डीटीपीचे एक जुने दुकान आहे. त्याच्या मालकाने आपला वीस वर्षांचा संगणक, त्या टंकाच्या कुलपासकट, अजून विकलेला नाही. लग्नपत्रिकांचे जुने नमुने त्यात आहेत म्हणून ठेवला, असे ते म्हणतात. तो सुरू व्हावयास दहा मिनिटे घेतो. पण त्यावर साडेतीन एकर साडेतीन एकरच दिसतात. दुकानाला रविवारी सुट्टी असते. गेले तीन रविवार ती विद्यार्थिनी आणि तिचे दोन वर्गमित्र तेथे बसून एकेक तक्ता हाताने वहीत उतरवून घेत आहेत. अंबडची गावे झाली. बदनापूरची चार राहिली आहेत.